ओट्यासमोरची फळी

घरात नवी वस्तू आली की आपण सगळ्यांत आधी काय ठरवतो? तिची जागा! टीव्ही आला की त्याच्यासाठी हॉलमध्ये शोकेस होतं. फ्रीजखाली स्टँड येतो. कूलरसाठी दर उन्हाळ्यात खिडकीबाहेर लोखंडी स्टँड उभा राहतो. देव देवघरात बसतात. आणि ‘गजानन विजय’चं पारायण असेल तर पोथी कुणी खाली ठेवत नाही, तिच्यासाठी घडीचा लाकडी स्टँड काढला जातो. आमच्या मुस्लिम शेजारणीकडे कुराण वाचायला अगदी तसाच स्टँड आहे, त्याला त्या रेहल म्हणतात. वाचायची वस्तू डोळ्यांसमोर नीट टेकवून ठेवावी, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

मग स्वयंपाक करताना बाई जे बघते, ऐकते, वाचते, ते कुठे असतं? तर तुरीच्या डाळीच्या डब्याला टेकलेलं!

पाहिलंय ना हे दृश्य? मागे डबा, घसरू नये म्हणून पुढे खलबत्ता, मध्ये मोबाइल किंवा टॅब. काचेवर फोडणीचे शिंतोडे. दोन्ही हात कणकेनं भरलेले, आणि नेमकी तेव्हाच स्क्रीन काळी होते. मग कोपरानं, मनगटानं, कशानं कशानं ती चालू करायची. हसू नका, नाकानं स्क्रीन चालू करणाऱ्या दोघी तरी माझ्या माहितीतल्या आहेत.

माझं म्हणणं साधं आहे. ज्या ओट्यासमोर आपण रोज तासन् तास उभ्या राहतो, तिथे आपल्या डोळ्यांच्या उंचीवर, आपल्या वाचण्या-ऐकण्यासाठी एक फळी असायला हवी. आणि ती कुणीतरी आणून लावून देईल म्हणून वाट न बघता आपणच ठोकावी.

तासन् तास हा शब्द उगाच वापरला नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०२४ साली वेळेच्या वापराची देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसातले सरासरी २८९ मिनिटं त्या बिनपगारी कामात जातात, असं त्यात आढळलं. घरकामात हात घालणाऱ्या पुरुषांची मिनिटं भरली ८८. आपले २८९ म्हणजे पावणेपाच तासांच्याही वर! यात झाडू-पोछा, धुणंभांडी सगळं आलं, पण त्यातला मोठा वाटा ओट्यापाशीच जातो हे तुम्हा-आम्हाला सांगायला पाहणी नको. कारखान्यात कुणी रोज इतका वेळ एका जागी उभं राहून काम करत असेल, तर त्याच्या हाताशी काय हवं, डोळ्यांसमोर काय हवं, याचा विचार होतो. ओट्यापाशी तो कुणी केला?

परदेशात एका बाईनं केला होता. लिलियन गिलब्रेथ तिचं नाव. अमेरिकेतली ही इंजिनिअर नवऱ्याबरोबर कारखान्यांतल्या कामाचा अभ्यास करायची. कोणत्या कामाला किती हालचाली लागतात, त्यातल्या कोणत्या वाचवता येतील, हा त्यांचा विषय. १९२४ मध्ये नवरा अचानक गेला. पदरात अकरा मुलं. कारखानदार एकट्या बाईला काम द्यायला तयार होईनात. मग तिनं तीच मोजपट्टी स्वयंपाकघराला लावली. हजारो बायकांना विचारून तिनं ओट्याच्या, बेसिनच्या उंचीचा अभ्यास केला. पायानं झाकण उघडणारी कचरापेटी आणि फ्रीजच्या दारातले कप्पे या कल्पनांचं श्रेय तिलाच दिलं जातं. आणि १९३३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात तिचं एक टेबल मांडलेलं होतं, खास गृहिणीचं! त्यावर घड्याळ, रेडिओ, टेलिफोन, हिशेबाचं यंत्र, पाककृतींच्या चिठ्ठ्या, सगळं हाताशी. घर चालवणारी बाई डोक्यानंही काम करते, तिला तशी जागा लागते, हे त्या टेबलानं सांगितलं. त्याला नव्वद वर्षं होऊन गेली. आपल्याकडे आजही ओट्याची उंची गवंडी ठरवतो, आणि पुष्कळदा तर त्या घरात सून यायच्या आधीच ठरवून मोकळा होतो.

आपल्याकडे वाचून स्वयंपाक करणं काही नवीन नाही. लक्ष्मीबाई धुरंधर यांनी ‘गृहिणी-मित्र’ हे हजार पाकक्रियांचं पुस्तक १९१० सालीच काढलं होतं. १९७० मध्ये कमलाबाई ओगलेंची ‘रुचिरा’ आली. वाटी-चमच्याच्या मापानं सांगितल्यामुळे लग्न होऊन आलेल्या कितीतरी मुलींना तिनं हात धरून शिकवलं. पण ती पुस्तकंही ओट्यावर उघडी कुठे राहायची? पानावर वाटी ठेवा, नाहीतर परातीची कड. जुन्या पुस्तकाच्या पुरणपोळीच्या पानावर तेलाचे डाग असतात ते म्हणूनच.

आता पुस्तकाच्या जागी पडदा आला. मधुरा बाचल यांचे व्हिडिओ बघून स्वयंपाक शिकलेल्या मुली घरोघरी आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे आजींनी तर नातवाच्या मदतीनं ‘आपली आजी’ हे चॅनेल सुरू केलं आणि खेड्यातल्या आजीच्या हातची चव सगळीकडे पोचवली. व्हिडिओत ‘कोथिंबीर’ म्हटलं की आम्ही वऱ्हाडातल्या बायका मनातल्या मनात ‘सांबार’ म्हणतो आणि पुढे जातो!

टॅब तरी आमच्या दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावात कुठून आले? काही घरांत २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शाळा मोबाइलवर भरायला लागल्या तेव्हा आईवडिलांनी पोटाला चिमटा घेऊन घेतले. काही घरांत दहावीनंतर जेईई, नीट, सीईटीच्या तयारीसाठी ‘महाज्योती’कडून मुलांना मोफत मिळाले. मुलाचा अभ्यास सुरू आहे तोवर टॅब त्याचाच, त्याला हात लावायचा नाही. पण तो पुढे शिकायला नागपूर-पुण्याला गेला, तिथे नवा लॅपटॉप आला, की जुना टॅब कपाटात साड्यांखाली जाऊन बसतो. अशा बसलेल्या टॅबबद्दलच मी बोलतेय. टॅब नसेल तर मोबाइलला हीच फळी चालते.

आणि हा प्रश्न काही नुसत्या पाककृतींचा नाही. स्वयंपाक तर आपल्याला डोळे मिटूनही येतो. माझ्या शेजारची एक मैत्रीण बारावीनंतर लग्न होऊन इथे आली. आता लेक सातवीत गेल्यावर तिनं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए.ला नाव घातलं. १९८९ साली सुरू झालेल्या या विद्यापीठानं शिक्षण अर्धवट सुटलेल्या कितीतरी बायकांना पदवीचं दार उघडून दिलं. पण दार उघडं असलं तरी वेळ कुठून आणायचा? तिचा स्वतःचा म्हणावा असा वेळ एकच, पहाटे साडेपाच ते सात. तोही डबे करण्याचा. यवतमाळला एखादा क्लास लावायचा तर चाळीसेक किलोमीटर जा, तेवढंच परत या. म्हणून ती पोळ्या लाटता लाटता टॅबवर व्याख्यानं ऐकायची. एकदा टॅब डब्यावरून घसरला आणि सरळ कणकेच्या परातीत! फुटला नाही हे नशीब. नवऱ्याला स्टँड आणायला सांगितलं. ‘ऑनलाइन बघतो’ म्हणाला. तीन महिने झाले, तो बघतच होता.

शेवटी एका रविवारी मायलेकी फर्निचरच्या दुकानात गेल्या आणि मागे पडलेला प्लायचा तुकडा मागून आणला. मोजमाप लेकीनं केलं, ठोकाठोकी आईनं. सगळा खर्च शंभर-सव्वाशे रुपये. सासूबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, ‘काय वं बाई, आता सैपाक करता करता शिनेमा पायतं काय?’ ही गप्प राहिली. आठ दिवसांनी दुपारी सासूबाईच म्हणाल्या, ‘तुह्या त्या फळीवर थोडं कीर्तन लावून दे वं.’

तर आता ती फळी करायची कशी, ते सांगते. सुताराची करामत यात काही नाही.

आधी माप, आणि तेही आपल्याच अंगाचं. रोजच्या चपलेत किंवा अनवाणी, जशा उभ्या राहता तशा ओट्यासमोर पोळपाट घेऊन उभ्या राहा. मान ताठ, नजर सरळ. डोळ्यांच्या रेषेत भिंतीवर कुणाकडून तरी पेन्सिलची खूण करून घ्या. टॅबची वरची कड या खुणेला किंवा तिच्या जरा खाली आली पाहिजे. पडदा फार खाली असला की मान वाकते, आणि आपल्या माना आधीच पुष्कळ वाकलेल्या आहेत!

जागा निवडताना गॅसच्या वर किंवा मागे नको. तिथे वाफ, तेलाचा धूर आणि आच. टॅबमधल्या बॅटरीला उष्णता सोसत नाही, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तर स्वयंपाकघर आधीच भट्टी झालेलं असतं. शेगडीपासून दोन-तीन फूट बाजूला, जिथे आपण लाटतो-चिरतो तिथली भिंत उत्तम. नळाजवळ नको. खिडकीच्या अगदी समोर नको, उजेडाची तिरीप आली की पडद्यावर आपलंच तोंड दिसतं.

आता फळी. दहा इंची टॅबसाठी बारा इंच लांब, नऊ इंच उंच, बारा एमएमचा प्लाय पुरतो. सागाचा तुकडा मिळाला तर छानच, आपला जिल्हा सागाचाच. खालच्या कडेला इंचभर रुंदीची पट्टी फेव्हिकॉल आणि चुकांनी आडवी बसवा. तिच्या पुढच्या काठावर अर्ध्या इंचाची बारीक पट्टी उभी लावा, म्हणजे टॅब पुढे सरकणार नाही आणि पडदाही झाकला जाणार नाही. पट्टीला मध्ये एक खाच ठेवली तर वायरही निघते आणि पुसताना कचराही.

फळीच्या मागे खालच्या बाजूला दोन-अडीच इंच जाडीचा लाकडी गुटका ठोका. वरच्या बाजूला फोटोफ्रेमला असतात तशा दोन कड्या लावा. भिंतीतल्या दोन हुकांना फळी अडकवली की गुटक्यामुळे तिची खालची कड पुढे येते, फळी मागे रेलते आणि टॅब आपोआप तिच्यावर टेकून राहतो. चिमटा नको, रबर नको. कडा काचकागदानं घासा आणि वॉर्निशचा एक हात द्या, म्हणजे तेलकट डाग ओल्या फडक्यानं निघतात.

भिंतीत भोक पाडताना एक गोष्ट कटाक्षानं पाळा. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा सरळ खाली ड्रिल लावू नका, आतून वायरीचा पाइप बहुधा तसाच उभा गेलेला असतो. टाइल असेल तर खुणेवर चिकटपट्टी लावा, बिट घसरत नाही. भोकात गिट्टी ठोका आणि मगच हूक फिरवा. ड्रिल मशीन घरात नसेल तर इलेक्ट्रिशियन आला की दोन भोकं पाडून घ्या, पण खूण आपली असू द्या.

ही फळी काढता-घालता येते हा तिचा मोठा गुण. ज्यांच्याकडे भाकर अजून खाली बसून चुलीवर थापतात, त्यांनी दुसरे दोन हूक बसल्यावर डोळे येतात त्या उंचीवर लावावेत. भाड्याचं घर असेल आणि घरमालक खिळाही ठोकू देत नसेल, तर पोथीच्या स्टँडसारखा घडीचा स्टँड ओट्याच्या कोपऱ्यात ठेवा. नाहीतर हीच फळी आधीपासून असलेल्या खुंटीला सुतळीनं बांधा. घरात नवराही स्वयंपाक करत असेल तर आनंदच आहे. तो उंच असला तर त्यानं आपले वेगळे हूक लावून घ्यावेत!

वापरायच्याही दोन-चार युक्त्या आहेत. सेटिंगमध्ये जाऊन स्क्रीन बंद होण्याची वेळ वाढवा. ओल्या बोटाला काच दाद देत नाही, तेव्हा बोट मुडपून त्याच्या सांध्यानं टेकवा. टॅब पातळ पारदर्शक पिशवीत घातला तरी बोटाचा स्पर्श कळतो, आणि हळद-पिठापासून बचाव होतो. चार्जिंग मात्र रात्री बाहेरच्या खोलीत करा.

आता काही जणी म्हणतील, मुलं दिवसभर मोबाइलमध्ये, त्यात आईही पडद्यात! लक्ष उडालं की दूध उतू जाईल, बोट कापेल. ही भीती खोटी नाही. सुरी हातात असताना मालिका बघू नये हे माझंही मत आहे. पण हातात किंवा डब्याला टेकवलेला मोबाइल जास्त धोक्याचा. तो घसरतो, आपण झेलायला जातो, आणि ओट्यावर कढईही असते. भिंतीवरचा पडदा जागचा हलत नाही. त्याच्याकडे वर बघावं लागतं, म्हणून माणूस कमी बघतं, जास्त ऐकतं. बातम्या, व्याख्यान, बचत गटाच्या प्रशिक्षणाचा व्हिडिओ, दूर असलेल्या लेकीचा फोन, हे सगळं ऐकत ऐकत होणारं आहे.

माझी खरी भीती वेगळीच आहे. रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ मध्ये ‘मोअर वर्क फॉर मदर’ नावाचं पुस्तक लिहिलं. घरात नवी यंत्रं आली की आईचं काम कमी होतं असं आपण समजतो, पण वाचतं ते बहुतेक वेळा बाकीच्यांचं काम, असं त्यात त्यांनी दाखवून दिलं. सुधारलेल्या शेगड्या आल्या तेव्हा पुरुषांचं लाकडं फोडणं कमी झालं, बायकांचा स्वयंपाक मात्र आणखी लांबला. आपल्याकडे तरी वेगळं काय झालं? गॅस आला आणि पानात एकेक गरम पोळी पडायला लागली. मिक्सर आला आणि रोज नवी चटणी हवी झाली. आता फळीवर टॅब लागला की ‘आज पनीरचं काहीतरी बघून कर ना’ ही फर्माईश येणारच.

तेव्हा फळी लावतानाच घरात सांगून टाका. ही फळी जास्त पदार्थांसाठी नाही, माझ्या शिकण्या-ऐकण्यासाठी आहे. ओट्यावर साधं वरण-भात-भाजीच शिजेल, पण त्या वेळात माझा एक धडा होईल. ज्याला पनीर हवं त्यानं खुशाल फळीसमोर उभं राहून बघून करावं, माप तर सगळ्यांनाच दिसतं!

आणखी एक. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या बायका देशात साधारण ५४ टक्केच निघाल्या. म्हणजे जवळजवळ निम्म्या बायकांना फोन हवा तर नवऱ्याकडे, मुलाकडे मागावा लागत होता. मागून घेतलेली वस्तू कामापुरती वापरायची आणि लगेच परत द्यायची, तिच्यावर कुणी अभ्यास करत नाही. म्हणून वस्तू सामायिक असली तरी तिची एक जागा आणि एक वेळ आपली असली पाहिजे. ‘सकाळी सातपर्यंत टॅब फळीवरच राहील’ एवढा एक नियम घरात झाला, तरी वर्षभरात किती तास गाठीला लागतात, हिशेब करून बघा.

माझ्या त्या मैत्रिणीच्या फळीला पुढे एक भर पडली. लेकीनं बाजूला दोऱ्यानं एक पेन्सिल बांधून दिली आणि मागे जुन्या वहीची पानं खोचली. व्याख्यानात काही महत्त्वाचं आलं की ती पीठ झटकून दोन शब्द टिपते. परीक्षेच्या आधी तीच पानं ती उलटत बसते. काही पानांवर हळदीचे डाग आहेत, अक्षर मात्र वाचता येतं.

येत्या रविवारी कपाटातल्या साड्यांखाली जरा हात घालून बघा. टॅब सापडला तर चार्जिंगला लावा आणि पेन्सिल घेऊन ओट्यासमोर उभ्या राहा. खूण करायला घरातल्या ज्याला वेळ असेल त्याला बोलवा. सगळ्यांनाच रविवारची सुट्टी असते, आपल्यालाच तेवढी नसते. तेव्हा कुणी ना कुणी मोकळं सापडेलच!